किशोरवयीनांमधील सायबर छळ

किशोरवयीनांमधील सायबर छळ म्हणजे मोबाइल, समाजमाध्यमे, ऑनलाइन खेळ किंवा संदेशसेवा यांच्या साहाय्याने एका मुलाने अथवा मुलांच्या गटाने दुसऱ्या मुलाला हेतुपुरस्सर अपमानित करणे, धमकावणे किंवा एकटे पाडणे होय. यासाठी सायबर बुलिंग हा शब्दही मराठीत रूढ आहे. अनेक प्रकरणांत त्रास देणारा आणि सोसणारा दोघेही अज्ञान, बहुधा एकाच वर्गातील वा परिसरातील असतात. त्यामुळे हा प्रश्न सामान्य सायबर गुन्ह्यांहून वेगळा ठरतो.

स्वरूप

शालेय दादागिरीच्या अभ्यासाचा पाया घालणारे मानसशास्त्रज्ञ डान ओल्वेउस यांनी छळाची तीन लक्षणे सांगितली : हेतू, पुनरावृत्ती आणि बळातील विषमता. ऑनलाइन व्यवहारात यांतील दुसऱ्या लक्षणाचा अर्थ बदलतो. छायाचित्र एकदाच टाकले जाते. पण ते पुढे पाठवणारे अनेक असल्याने पुनरावृत्ती आपोआप घडते आणि ती मूळ कर्त्याच्याही हाती राहत नाही. बळही शरीराचे नसते. ते अनामिकतेचे, गटाच्या संख्येचे किंवा हाती असलेल्या एखाद्या खाजगी चित्राचे असते.

दुसऱ्याच्या नावाने खोटे खाते उघडणे, छायाचित्रात फेरफार करणे, वर्गाच्या गटातून एकालाच वगळणे, मैत्रीच्या भरात सांगितलेला पासवर्ड पुढे भांडणात वापरणे हे त्याचे नेहमीचे प्रकार. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे बनावट चित्र तयार करण्यास आता कौशल्यही लागत नाही. शाळेतील त्रास पूर्वी निदान घराच्या उंबरठ्याशी थांबत असे. फोनमुळे तो आडोसा उरलेला नाही. तथापि हा छळ सर्वस्वी नवा मानणेही योग्य नव्हे. ऑनलाइन त्रास सोसणाऱ्या बहुतेक मुलांना प्रत्यक्षातही त्रास दिला जात असतो, असे ओल्वेउस यांनी आग्रहाने मांडले होते.

गाजलेली प्रकरणे

२००६ मध्ये अमेरिकेतील मिसूरी राज्यात एका १३ वर्षांच्या मुलीने आत्महत्या केली. मायस्पेस या संकेतस्थळावर एका मुलाच्या नावाने उघडलेल्या खात्यावरून तिच्याशी आधी मैत्री व नंतर तिची मानहानी करण्यात आली होती. तो मुलगा अस्तित्वातच नव्हता. खाते चालवण्यात शेजारच्या एका प्रौढ स्त्रीचा सहभाग होता. तिच्यावरील केंद्रीय खटला २००९ मध्ये टिकला नाही. मात्र मिसूरीने २००८ मध्येच आपला छळविरोधी कायदा बदलून त्यात इलेक्ट्रॉनिक संदेशांचा समावेश केला.

भारतात मे २०२० मध्ये दिल्ली परिसरातील शाळकरी मुलांचा इन्स्टाग्रामवरील एक गट उघडकीस आला. त्यात ओळखीच्या मुलींची छायाचित्रे टाकून अश्लील शेरेबाजी केली जात होती. त्याच सुमारास लैंगिक अत्याचाराची भाषा असलेला एक संवादही याच गटातील म्हणून सर्वत्र पसरला. तो वेगळ्याच माध्यमावरील असून एका मुलीने मुलाचे नाव घेऊन केलेला होता, असे पोलीस तपासात आढळले. तोवर शहानिशा न करता अनेक मुलांची नावे समाजमाध्यमांवर फिरली होती, म्हणजे एका छळाच्या निषेधातून दुसरा छळ उभा राहिला.

भारतातील कायदा

भारतात सायबर छळासाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ६६अ त्रासदायक संदेशांना लागू होत असे. पण त्याची शब्दरचना फार सैल होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली आणि त्यातून हा वाद पेटला. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवले.

त्यानंतर कृत्याच्या स्वरूपानुसार निरनिराळी कलमे लावली जातात : दुसऱ्याचा पासवर्ड वापरल्यास ६६क, खाजगी अवयवांचे चित्रण केल्यास ६६इ, बालकाचे लैंगिक चित्रण प्रसारित केल्यास ६७ब आणि लैंगिक हेतूने छळ केल्यास पॉक्सो कायदा, २०१२. भारतीय न्याय संहितेतील पाठलागाचे कलम ७८ केवळ स्त्रीला संरक्षण देते. मुलाचा पाठलाग झाल्यास ते उपयोगी पडत नाही, पॉक्सो मात्र मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. निव्वळ टवाळी किंवा गटातून वगळणे यांपैकी कशातच बसत नाही. मुलाचे मन मोडण्यास बहुधा तेवढेही पुरते. तिथे भिस्त शाळेवरच राहते.

आरोपी १८ वर्षांखालील असल्यास प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते आणि त्याची ओळख उघड करण्यास मनाई असते.

तक्रार आणि पुरावा

घाबरून संदेश पुसून टाकणे ही सर्वांत सामान्य चूक होय. खात्याचे नाव, दुवा, तारीख व वेळ यांसह स्क्रीनशॉट ठेवल्यानंतरच खाते अवरोधित करावे. अज्ञान व्यक्तीचे नग्न चित्र मात्र पुरावा म्हणूनसुद्धा कोणाला पाठवू नये, कारण ते प्रसारित करणे हाच गुन्हा आहे. फोन थेट पोलिसांना दाखवावा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर बालकांच्या लैंगिक चित्रणाची तक्रार नाव न देताही करता येते. बालकांसाठी १०९८ आणि मानसिक आधारासाठी १४४१६ हे निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहेत. ‘टेक इट डाउन’ या सेवेद्वारे चित्र फोनबाहेर न जाता केवळ त्याची अंकीय खूण सहभागी कंपन्यांना कळवली जाते. पॉक्सोखालील गुन्हा शिक्षकाला समजल्यास तो पोलिसांना कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. शाळेच्या नावलौकिकासाठी प्रकरण आपसांत मिटवण्याची मुभा नाही.

मुले बोलत नाहीत याचे एक मोठे कारण छळ करणाऱ्याचे भय नसून फोन काढून घेतला जाईल हे भय असते. ज्याने सोसले त्याचाच फोन बंद झाला, तर ते मूल पुढच्या वेळी घरी काही सांगत नाही.

वयोमर्यादा

बहुतेक समाजमाध्यमांची किमान वयाची अट १३ वर्षे आहे. परंतु खोटी जन्मतारीख लिहून ती सहज ओलांडली जाते. भारताच्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये कायदा करून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी घातली; त्यात दंड कंपन्यांना होतो, मुलांना किंवा पालकांना नाही.