वाटा आणि हप्ता : रायगड किनाऱ्यावरील वाहनमालकीचा इतिहास

रायगड किनाऱ्यावर मालवाहतुकीच्या धंद्यात नव्याने उतरलेल्या चालकापुढे पगारावर दुसऱ्याची गाडी चालवावी, की भाडेपट्ट्याने किंवा हप्त्यांवर ट्रेलर आपल्या ताब्यात घ्यावा, असा प्रश्न उभा राहतो. हा प्रश्न कंटेनर बंदराबरोबर आला असे वाटले, तरी त्याची मुळे या किनाऱ्याच्या होडीव्यवसायापर्यंत जातात. कारण वाहन कोणाचे, श्रम कोणाचे आणि बंद पडलेल्या दिवसांचे नुकसान कोणी सोसायचे, हा हिशेब येथे गाडीरस्ते होण्याच्या आधीपासून मांडला जात आला आहे.

धरमतर, कुंडलिका आणि राजपुरी या खाड्यांतून मीठ, तांदूळ आणि जळाऊ लाकूड मचव्या-पडावांतून मुंबईला जात असे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जात आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा समुद्रात उतरत, म्हणजे उत्पन्नात वर्षाकाठी काही महिन्यांचा खंड गृहीतच धरलेला असे. मासेमारीत हा खंड पेलण्यासाठी वाट्याची पद्धत रुळली होती. सफरीच्या उत्पन्नातून खर्च वजा करून उरलेल्या रकमेचे वाटे पडत. त्यांपैकी काही होडीचे, काही जाळ्यांचे, तर बाकीचे तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख नाविक, आणि खलाशी यांचे असत. होडीला स्वतंत्र वाटा असल्यामुळे मालकाच्या भांडवलाचा मोबदला मासळीच्या आवकेवर अवलंबून राही आणि वाईट हंगामाची झळ मालक व खलाशी या दोघांनाही लागे.

ही पद्धत निर्दोष मात्र नव्हती. हंगामापूर्वी खलाशाला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देण्याचा प्रघात होता आणि ती फिटेपर्यंत तो त्याच मालकाशी बांधला जाई. परंतु उचल आणि वाटा यांचा अर्थ दोन्ही बाजूंना ठाऊक असे व हिशेब किनाऱ्यावरच होत असल्याने तो चार माणसांच्या नजरेखाली राही. पुढे होड्यांना यंत्रे बसली आणि त्यांच्यासाठी कर्ज काढावे लागले, तेव्हा ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम मागणारा हप्ता होडीवरही आला.

रस्त्यावरील वाहतुकीत हा हप्ता आरंभापासूनच होता. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने व्यापारी वाहतुकीला परवान्याच्या चौकटीत आणले आणि भाडेखरेदीच्या, म्हणजे हप्ते पूर्ण झाल्यावर मालकी मिळण्याच्या, करारातील वाहनाचा ‘मालक’ म्हणून त्याचा ताबा असलेल्या व्यक्तीलाच मानले. १९६९ मध्ये मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. लहान वाहतूकदार अग्रक्रमाच्या कर्जदारांत गणले गेल्याने एकाच ट्रकचा मालक होणे अधिक आवाक्यात आले. १९८८ च्या कायद्याने मालकाच्या व्याख्येत भाडेपट्टा आणि तारण-कर्ज यांचेही करार घेतले. त्यामुळे गाडी पैसा पुरवणाऱ्याची असली, तरी कायद्याने मालकावर टाकलेली जबाबदारी ती ताब्यात ठेवणाऱ्यावर येऊन पडते.

या व्यवस्थेला रायगडमध्ये मोठे क्षेत्र मिळाले ते २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाल्यावर. त्याच परिसरात नवी मुंबईच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांना प्राण गमवावे लागले होते आणि त्या लढ्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आकाराला आली. भातशेती आणि मिठागरे मागे पडलेल्या गावांना बंदराची वाहतूक हा उपजीविकेचा एक मार्ग दिसणे स्वाभाविक होते. येथे गाडी ‘अटॅच’ करणे, म्हणजे स्वतःच्या नावावरचे वाहन एखाद्या वाहतूक कंपनीच्या कामाला लावणे, ही पद्धत रूढ झाली. तीत मोबदला फेरीवर मिळतो. परंतु बंदराच्या फाटकावरील रांग, गोदामातील खोळंबा आणि रिकामा कंटेनर यार्डात परत पोहोचवण्याचा वेळ यांवर फेऱ्यांची संख्या ठरते आणि त्यांपैकी काहीही चालकाच्या हाती नसते. फेऱ्या घटल्या तरी हप्ता घटत नाही, हाच होडीच्या वाट्याहून त्याचा मूलभूत भेद होय.

नोकरदार चालकाच्या बाजूने १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती. पण ती पाच किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी होती. स्वतःच गाडीचा ताबा घेतलेला चालक कोणाचा कामगार राहत नाही, आणि म्हणून त्याच्या विश्रांतीची मर्यादा कायद्याऐवजी हप्त्याची तारीख ठरवू लागते.

म्हणून भाडेपट्टा घ्यावा की नाही, हे ठरवताना गाडीच्या किमतीपेक्षा बंद दिवसांचा हिशेब आधी मांडणे या किनाऱ्याच्या अनुभवाला धरून आहे. करारात मंदीचा भार वाटून घेण्याची तरतूद असेल, किंवा होडी शाकारून ठेवणाऱ्या कुटुंबांप्रमाणे पावसाळ्यापुरती शिल्लक आधीच बाजूला काढलेली असेल, तर मालकीकडे जाणारी ही वाट सुज्ञपणाची ठरते. या दोहोंपैकी काहीही नसताना घेतलेल्या गाडीचा मालक जोखमीचा सगळा भार एकट्याने उचलतो, आणि तो भार वाटून घेण्याची रीत याच किनाऱ्यावरील माणसांनी पूर्वी घडवली होती.