बुकशेल्फ स्पीकर, कोनाडा आणि हरवलेले शब्द

‘बुकशेल्फ स्पीकर’ या नावाची मला सध्या गंमत वाटते आहे. कारण ज्या घरासाठी मी गेले दोन महिने हे स्पीकर शोधतोय, त्या घरात बुकशेल्फच नाही! मंडणगड तालुक्यातलं आमचं घर जांभ्याचं, वर कौलं, पुढे एका बाजूने उघडी ओटी, ओटीवर झोपाळा आणि भिंतीत दोन कोनाडे. पुस्तकं आहेत, पण ती फडताळात. पावसाळ्यात बुरशी धरते म्हणून तीही कापडात गुंडाळलेली.

आता तुम्ही म्हणाल, स्पीकर घ्यायचेत तर घे की बाबा, त्यावर निबंध कशाला? तर ही कामाची सवय. ऑफिसात कुणाचा जुना कोड हाती आला की तो असा का लिहिला असेल हे आधी शोधायचं, मगच हात लावायचा. स्पीकरचंही तसंच केलं. आणि शोधता शोधता असं दिसलं की या छोट्या पेटीचा इतिहास म्हणजे तडजोडींचा इतिहास आहे. कुणी, कुठल्या खोलीसाठी, काय सोडून काय मिळवलं, हे कळलं की निम्मी निवड तिथेच होते.

गरज काय आहे ते आधी सांगतो. अण्णा (माझे वडील) ओटीवर बसून नाट्यसंगीत, गीतरामायण आणि बातम्या ऐकतात. सध्या जो संच आहे (कुठल्या कंपनीचा ते राहू दे), त्यात धमधम भरपूर. पण अण्णांची तक्रार एकच: “अरे, गाणं येतंय ऐकू, पण शब्द कुठे गेले?” मी म्हटलं, “अण्णा, आवाज वाढवा ना.” तर म्हणाले, “वाढवला की गडगडाट वाढतो. शब्द आहेत तिथेच.”

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडणार आहे.

आज घराघरात जो स्पीकर आहे त्याची मूळ रचना १९२५ ची. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी ती मांडली. चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं, त्याला चिकटवलेला कागदी कोन, वेटोळ्यातून वीज गेली की कोन पुढेमागे हलणार. शंभर वर्षं झाली, तत्त्व तेच आहे. अडचणही तीच आहे. कोन पुढे गेला की पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. खालच्या सुरांत या दोन लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणून मागची लाट अडवायला फळी किंवा पेटी लागते, आणि सूर जितका खालचा तितकी ती मोठी लागते.

जुने व्हॉल्व्हचे रेडिओ आठवा. लाकडी, मागून उघडे, आत सहा-आठ इंची हलका कागदी कोन. वीज अगदी दोन-चार वॅट. पण हलका कोन थोड्या विजेतही मोठा आवाज देतो. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींचं संगीत, दर आठवड्याला एक गीत, एकूण ५६. ज्या घरी रेडिओ त्या घरी आळी जमायची, लोक रेडिओला हार घालायचे, हे आपण ऐकत आलोय. पण आळीभर लोकांना तो आवाज पुरायचा कसा? त्यात भक्तीचा भाग असेलच, पण कार्यक्षमतेचाही होता. ‘जुन्या रेडिओचा आवाज भरदार’ असं म्हातारी माणसं म्हणतात ते सगळंच स्मरणरंजन नव्हे. (खालचा खर्ज त्यात फारसा नसायचा, पण माणसाचा आवाज स्वच्छ यायचा.)

मग पेटी लहान झाली कशी? इथे एडगर व्हिलचर येतो. १९५४ साली त्याने आणि त्याचा विद्यार्थी हेन्री क्लॉस याने अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला ‘अ‍ॅकॉस्टिक रिसर्च’ ही कंपनी काढली आणि ‘एआर-१’ हा स्पीकर विकायला आणला. कल्पना अशी: कोनाला परत जागेवर आणणारी ताठ कडी काढून टाका, कड मऊ ठेवा, आणि पेटी हवाबंद करा. आतली कोंडलेली हवाच स्प्रिंगचं काम करेल. ही हवेची स्प्रिंग धातूकापडाच्या स्प्रिंगपेक्षा जास्त सरळ वागते, म्हणून खालचे सूर स्वच्छ. आणि जी पेटी आधी कपाटाएवढी लागायची ती पंचवीस इंच लांबीत बसली. आडवी केली की मजबूत फळीवर राहते. हाच तो बुकशेल्फ स्पीकर! १९५८ चा त्याचा धाकटा भाऊ एआर-३ साधारण २४ किलोचा होता. आपल्या फडताळावर ठेवला असता तर फडताळच खाली आलं असतं, पण असो.

त्याच वर्षाच्या सुमारास स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या. आता घरात एक नाही, दोन पेट्या हव्यात. कपाटाएवढ्या दोन पेट्या कोण ठेवणार? लहान पेटीचं भाग्य तिथे उघडलं.

फुकट मात्र काही मिळत नाही. क्लॉसच्या पुढच्या कंपनीतला भागीदार अँटन हॉफमन याच्या नावाने एक नियम ओळखला जातो. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिनांतल्या कुठल्याही दोनच गोष्टी मिळतील. पेटी निम्मी केली की कार्यक्षमता निम्मी. खर्ज एक सप्तक खाली न्यायचा तर कार्यक्षमता आठव्या हिश्शावर! आमच्या धंद्यात ‘लवकर, स्वस्त, चांगलं, यांतले दोन निवडा’ म्हणतात, त्याचाच हा थोरला भाऊ. फरक इतकाच की इथे मॅनेजरशी हुज्जत घालून उपयोग नाही, समोर भौतिकशास्त्र आहे.

दुसरा रस्ता भोकाच्या पेटीचा. मागची लाट कोंडून न ठेवता एका नळीतून योग्य वेळी बाहेर सोडायची, म्हणजे ती पुढच्या लाटेला मदत करते. ही पेटी जुनीच, पण तिचं नीट गणित ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडलं आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात पुढे नेलं. आज बाजारातले बहुसंख्य बुकशेल्फ स्पीकर याच जातीचे. लहान पेटीतूनही खर्ज येतो, दुकानात ऐकताना छाप पडते. पण नळीच्या सुरापाशी आवाज जरा रेंगाळतो, आणि नळी मागच्या बाजूला असेल तर मागे मोकळी जागा लागते. कोनाड्यात ती कुठून आणणार?

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते, ती बीबीसीची. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांना बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत ठेवता येईल असा छोटा स्पीकर हवा होता. गाडीत जागा नाही, इंजिनिअर दोन हातांवर बसलेला. त्यातून ‘एलएस३/५ए’ निघाला. जेमतेम बारा इंच उंच, हवाबंद, पातळ बर्च प्लायवुडची पेटी, केफ कंपनीचा पाच इंची वूफर आणि छोटा ट्वीटर. खर्ज कमी, कार्यक्षमता कमी, पण माणसाचा आवाज असा की आजही लोक जुन्या जोड्या शोधत फिरतात. बीबीसीच्या संशोधन विभागात स्पीकर पारखायची एक पद्धत होती: ओळखीचा माणूस शेजारच्या खोलीत बोलणार, मग तेच मायक्रोफोनमधून स्पीकरवर ऐकायचं, आणि दोन्हींत फरक किती ते बघायचं. महागडं यंत्र नाही, आलेख नाही. ओळखीचा आवाज ही पट्टी.

त्याच विभागातल्या डडली हारवुड यांनी कोनासाठी पॉलिप्रॉपिलिन वापरायला सुरुवात केली. हेतू होता की प्रत्येक कोन सारखा निघावा, कागदासारखा फरक पडू नये. पण या प्लास्टिकचा दुसरा गुण त्यांच्यापेक्षा आपल्या कामाचा: ते पाणी पीत नाही. बाणकोट खाडीवरून येणारी खारी हवा आणि जून ते सप्टेंबर कपडे न वाळणारा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला हे वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे हे सगळं उशिरा आलं. १९९१ पर्यंत परदेशी माल आणणं म्हणजे जबर जकात. देशी कंपन्या होत्या. कोलकात्याची सोनोडाइन १९७० पासूनची. पण मंडणगडात आवाज आला तो मुंबईच्या चाकरमान्याच्या ट्रंकेतून, किंवा बाणकोट-म्हाप्रळकडच्या आखातात नोकरी करणाऱ्या माणसांच्या सामानातून. जपानी टू-इन-वन! नमन, जाखडी, भजनं, कव्वाल्या, सगळं त्याच एका पेटीतून. आमच्याकडे रेल्वे नाही. खेडला उतरा नाहीतर मुंबईहून थेट एसटी पकडा. एसटीच्या फळीवर मावेल तेवढाच स्पीकर गावाला पोचणार, हा आमचा स्थानिक हॉफमन नियम.

तर आता तुलना. तीन जोड्या मित्रांकडून उसन्या आणल्या आणि कोनाड्यात ठेवून ऐकल्या. पहिली मागे नळी असलेली, दुसरी हवाबंद, तिसरी आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेली.

कोनाड्यातला स्पीकर भिंतीचाच भाग होतो. जी खालची लाट एरवी चारी बाजूंना पसरते ती आता पुढेच येते, म्हणजे खर्ज सहा डेसिबलपर्यंत वाढू शकतो. पहिल्या जोडीचा त्यामुळे नुसता ढोल झाला. नळीत मोजा कोंबल्यावर जरा सुधारली. (हा उपाय जगभर करतात, हसू नका.) हवाबंद जोडीचा खर्ज मुळात बेताचा, तो कोनाड्याने भरून काढला. वरून कौलांच्या फटी आणि ओटीची उघडी बाजू, त्यामुळे घुमायला फारसा वावच नव्हता. तिसरी जोडी आवाजाला उत्तम, तिच्यातल्या प्रोसेसरने कोनाड्याचा परिणामही कमी करता आला. पण आमच्याकडची वर-खाली होणारी वीज आणि ओल पाहता पेटीत इलेक्ट्रॉनिक्स नको असं ठरवलं. साधा स्पीकर पंधरा वर्षं टिकतो आणि बिघडला तर उघडता येतो.

नंतर बीबीसीची पट्टी लावली. बायकोने माजघरात पेपरातली दहा वाक्यं वाचली, अण्णा ओटीवर. मग दुसरी दहा, रेकॉर्ड केलेली, प्रत्येक जोडीवर वेगळी. अण्णांनी वाक्य परत म्हणून दाखवायचं. प्रत्यक्ष आवाजात दहापैकी नऊ. नळीच्या जोडीवर सहा. हवाबंद जोडीवर नऊ. एकाच श्रोत्यावरचा हा प्रयोग, जगासाठी काही सिद्ध होत नाही. पण स्पीकर त्या एका श्रोत्यासाठीच घ्यायचे आहेत.

असं का होतं? वय वाढतं तसे आधी वरचे सूर ऐकू येईनासे होतात. स्वर खाली असतात, पण शब्द ओळखू येतो तो ‘स’, ‘श’, ‘त’, ‘थ’ यांच्या बारीक आवाजांतून, आणि ते वरच्या पट्टीत. गाणं ऐकू येतं, शब्द जातात. त्यात फुगलेला खर्ज उरलेसुरले बारीक आवाजही झाकतो. म्हणून आवाज वाढवून उपयोग होत नाही. अण्णांचं निदान अगदी बरोबर होतं.

आणि इथे व्हिलचर परत भेटतो. १९६७ मध्ये त्याने कंपनी विकली आणि पुढची कित्येक वर्षं श्रवणयंत्रांवर संशोधन केलं. सगळा आवाज सरसकट वाढवायचा नाही, पट्ट्या पाडायच्या आणि प्रत्येक पट्टीतला हळू आवाज जास्त, मोठा आवाज कमी वाढवायचा, ही त्याची १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेली मांडणी. पुढे श्रवणयंत्रांची तीच रूढ पद्धत झाली. लहान पेटीत मोठा खर्ज बसवणारा माणूस शेवटी हरवलेल्या शब्दांच्या मागे लागला. २०११ मध्ये तो ९४ व्या वर्षी गेला. अण्णांना कानाच्या डॉक्टरांकडे न्यायचं मी टाळत नव्हतो, तेच टाळत होते. ही गोष्ट सांगितल्यावर मात्र तयार झालेत. पुढच्या महिन्यात चिपळूणला जाऊ.

माझी यादी अशी ठरली: हवाबंद पेटी, शक्यतो प्लायवुडची (फायबरबोर्ड ओलीने फुगतो), पॉलिप्रॉपिलिनचा कोन, कडेची पट्टी रबराची (फोमची दमट हवेत काही वर्षांत चुरा होते), आणि संवेदनशीलता ८८ डेसिबलच्या आसपास. हा शेवटचा आकडा कागदावर किरकोळ वाटतो. पण ८२ च्या स्पीकरला तेवढ्याच आवाजासाठी चौपट वीज लागते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर मंडणगड-दापोलीकडच्या गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. बॅटरीवर बातम्या ऐकायच्या तर चौपट हा फरक फार मोठा. खोल खर्ज मी सोडला. हॉफमनने दोनच निवडा म्हटलंय, तर अण्णांच्या ओटीवर तो तिसरा नाही लागत.

तुम्ही स्पीकर घ्यायला जाल तेव्हा दुकानदार धडधडणारं काहीतरी लावेल. लावू द्या. मग त्याला घरातल्या एखाद्या माणसाचं रेकॉर्ड केलेलं बोलणं लावायला सांगा, आणि डोळे मिटून ऐका. तो माणूस समोर बसून बोलतोय असं वाटलं, तर बाकीचं संगीत त्या पेटीतून नीटच येईल.