दूरध्वनी यंत्रणेचे स्थलांतर व सॉफ्टवेअर परवाने
कार्यालयातील ईपीएबीएक्स बदलून संगणकाधारित दूरध्वनी यंत्रणा बसविताना सॉफ्टवेअर परवान्यांचाही विचार करावा लागतो. परवाना बहुधा एक्स्टेंशनच्या किंवा एकाच वेळी चालणाऱ्या संभाषणांच्या संख्येवर दिला जातो. तो अनेकदा यंत्राच्या मॅक ॲड्रेसशी बांधलेला असतो. यंत्र बदलले की आपोआप सोबत जात नाही.

मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये निर्माण केलेले ॲस्टरिस्क जीपीएलखाली मुक्त असल्याने त्यास ही अडचण नाही. मात्र त्यासोबत वापरल्या जाणाऱ्या जी.७२९ या ध्वनिसंक्षेपण पद्धतीचा परवाना पूर्वी वाहिनीगणिक विकत घ्यावा लागे.

औशासारख्या तालुक्याच्या गावी पतसंस्थेने वा शाळेने यंत्रणा विक्रेत्याकडून बसवून घेतली आणि परवाना त्याच्याच नावे नोंदला गेला, तर हस्तांतर अडते. (पावती संस्थेची, परवाना दुसऱ्याचा!) जुने यंत्र पुसण्यापूर्वी त्यावरील परवाना उत्पादकाकडून मोकळा करून घ्यावा, अन्यथा तो पुन्हा विकत घेण्याची पाळी येऊ शकते.