जवानाची खुशाली

रणांगणावर पडलेल्या सैनिकाची नोंद प्रत्येक राष्ट्र अभिमानाने ठेवते. जो जवान बराकीत, किंवा निवृत्तीनंतर घरी, स्वतःचे आयुष्य संपवतो त्याची नोंद करताना मात्र लेखणी अडखळते.

ती अडखळू न देणारा एक मोठा अभ्यासक म्हणजे फ्रान्सचे एमिल दुर्खाइम. १८९७ साली त्यांनी आत्महत्येवर ग्रंथ लिहिला आणि युरोपातल्या देशोदेशींच्या आकड्यांवरून दाखवले, की नागरिकांपेक्षा सैनिकांत हे प्रमाण जास्त आहे. लोक दारूला, ब्रह्मचर्याला, नव्या नोकरीच्या जाचाला दोष देत. दुर्खाइम यांनी ते खोडून काढले. नोकरी जितकी जुनी तितका धोका मोठा, असे आकडे सांगत होते. स्वतःच्या जिवाची किंमत कमी लेखायला शिकणे हा शिपाईगिरीचा पायाच, आणि ती शिकवण अंगात मुरते, असे त्यांचे म्हणणे.

पण आकडा पलटणीचा असतो, डॉक्टरसमोर बसतो तो एकटा माणूस. त्याला सरळ विचारावे, ‘मरावेसे वाटते का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. अडचण निराळी आहे. ‘हो’ म्हटले तर हातातले हत्यार जाईल, बढती जाईल, सोबती काय म्हणतील, म्हणून जवान ‘नाही’ म्हणतो.

२०१२ साली अमेरिकेच्या सेनादलांत आत्महत्येने गेलेले जवान अफगाणिस्तानात लढताना पडलेल्यांपेक्षा जास्त भरले. मग २०१७ पासून तिथल्या माजी सैनिकांच्या इस्पितळांत संगणक कागदपत्रे चाळून सर्वाधिक धोक्यातला हजारात एक माणूस वेगळा काढू लागला. त्याच वर्षी जुन्या ३६५ अभ्यासांचा आढावा निघाला. आजवरची भाकिते नाणेफेकीपेक्षा किंचितच बरी, असा त्याचा निष्कर्ष. यादीबाहेरची माणसेही जातातच.

मला या इतिहासात सर्वांत मोलाचे वाटते ते जेरोम मोटो यांचे काम. सॅन फ्रान्सिस्कोच्या या मनोविकारतज्ज्ञाने १९६९ पासून, इस्पितळातून सुटून पुढचे उपचार नाकारणाऱ्या ८४३ जणांचे दोन गट केले. एका गटाला काहीच पाठवले नाही. दुसऱ्याला पाच वर्षांत २४ पत्रे. मजकूर दोन-चार ओळींचा. ना उपदेश, ना तपासणीची तारीख. मराठीत आपण खुशाली म्हणतो, माझ्या घरच्या बोलीत खैरियत. तेवढेच विचारलेले. पहिल्या दोन वर्षांत पत्रे मिळणाऱ्यांत आत्महत्या स्पष्टपणे कमी झाल्या.

ही कल्पना मोटो यांना पुस्तकात सापडली नव्हती. दुसऱ्या महायुद्धात ते स्वतः युरोपात लष्करी ट्रक चालवत, आणि एका तरुणीची पत्रे त्यांना तिथे मिळत. आज अमेरिकेच्या लष्करी आणि माजी सैनिकांच्या डॉक्टरांसाठीच्या मार्गदर्शिकेतही अशा पत्रांची शिफारस आहे. मोटो पत्रासोबत परतीचे पाकीट घालत, त्यावर फक्त पत्ता, तिकीट नाही. उत्तराची सक्ती नव्हती. तरी काहींनी तिकीट लावून उत्तरे धाडली.