दलदलीतला क्रॉफिश आणि केजन पंगत

टेबलावर कागद अंथरून त्यावर उकडलेले क्रॉफिश, कणसे आणि बटाटे ओतायचे व काटे-चमच्यांवाचून हातांनीच सोलून खायचे, ही ‘सीफूड बॉइल’ नावाची पद्धत अमेरिकेतील अनेक उपाहारगृहांत लुइझियानाच्या केजन लोकांची जुनी परंपरा म्हणून मांडली जाते. प्रत्यक्षात तिचे आजचे रूप बव्हंशी विसाव्या शतकातले असून त्याचा अखेरचा टप्पा तर केजनांनी घडवलेलाच नाही.

केजन हे ‘अकेडिया’तील, म्हणजे कॅनडातील आजच्या नोव्हा स्कोशिया व आसपासच्या प्रदेशातील, फ्रेंच वसाहतकऱ्यांचे वंशज होत. ब्रिटिशांनी 1755 पासून त्यांना तेथून हुसकावले. काही कुटुंबे 1765 च्या सुमारास लुइझियानात पोहोचली आणि 1785 मध्ये स्पेनच्या खर्चाने सात जहाजांतून आणखी सुमारे 1,600 जण फ्रान्सहून आले. भरतीचे पाणी बांध घालून अडवणाऱ्या या शेतकऱ्यांच्या वाट्याला आता ‘बायू’ म्हणजे संथ वाहणारे फाटे आणि अचाफलाया नदीचे दलदलीचे खोरे आले. शेवंडासारख्या बांध्याचा, पण कोळंबीएवढा आणि दोन नांग्यांचा क्रॉफिश तेथे मुबलक होता. स्थानिक हूमा जमातीचे तर ते चिन्हच होते.

तथापि क्रॉफिशला प्रतिष्ठा नव्हती. लेंट या उपवासकाळात मांस वर्ज्य मानणाऱ्या कॅथलिक घरांत तो शिजे, मासेमारीत आमिष म्हणूनही वापरला जाई. पण तो गरिबाघरचे अन्न समजला जाई. हे चित्र पालटण्यास शेतीचाही हातभार लागला. भाताची कापणी झाल्यावर खाचरांत पुन्हा पाणी सोडून क्रॉफिश वाढवण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यानंतर फैलावली आणि पुराच्या लहरीवर अवलंबून असलेला माल अधिक भरवशाचा झाला. ब्रो ब्रिज या गावाला 1959 मध्ये राज्य विधिमंडळाने ‘जगाची क्रॉफिश राजधानी’ म्हटले, पुढच्याच वर्षी तेथे महोत्सव सुरू झाला आणि 1983 मध्ये क्रॉफिश राज्याच्या अधिकृत प्रतीकांत दाखल झाला. या गौरवामागे केवळ चव नव्हती. 1921 च्या राज्यघटनेने शाळांत इंग्रजी सक्तीची केल्यावर फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होत असे. 1968 मध्ये त्या भाषेच्या संवर्धनासाठी सरकारी मंडळ स्थापन झाले, पण तुटलेली भाषा परत आणण्यापेक्षा खाण्याचा अभिमान मिरवणे केव्हाही सोपे होते.

लुइझियानाच्या पद्धतीत तिखट कायेन मिरची, मोहरी, धणे, तमालपत्र, लिंबू व भरपूर मीठ पाण्यातच घालतात आणि आच बंद केल्यावर क्रॉफिश त्यात मुरू देतात. खाणारा शेपूट पिळून मांस काढतो, आणि दर्दी असेल तर डोक्यातला पिवळा रसही चोखतो.

1975 मध्ये सायगॉन पडल्यावर आलेल्या व्हिएतनामी निर्वासितांपैकी अनेकजण मेक्सिकोच्या आखाताकाठी कोळंबीच्या मासेमारीत शिरले. त्यांच्या समाजाने, विशेषतः ह्यूस्टनमध्ये, या पदार्थाला नवे वळण दिले: उकडलेला क्रॉफिश लसूण घातलेल्या लोण्यात घोळवायचा, कुठे त्यात गवती चहाही घालायचा. 2004 मध्ये कॅलिफोर्नियातील गार्डन ग्रोव्ह येथे, ‘लिटल सायगॉन’ या व्हिएतनामी वस्तीच्या परिसरात, ‘बॉइलिंग क्रॅब’ सुरू झाले आणि मसाला लावलेला माल प्लास्टिकच्या पिशवीतूनच टेबलावर आणण्याची रीत त्यानंतर देशभर रुळली. लुइझियानातील जुन्या मताचे लोक बाहेरून चोपडलेल्या या लोण्याला अजूनही नाक मुरडतात, कारण त्यांच्या मते मसाला कवचाच्या आत मुरायला हवा.