जुन्या गाडीतील नवा आवाज : सोनहिरा खोऱ्यातील एका कारागिरीचा इतिहास

कराड–विटा रस्त्यावरील कडेगाव आणि भोवतालचे सोनहिरा खोरे यांचा अर्वाचीन इतिहास पाणी, ऊस आणि सहकार यांच्या आधारे सांगितला जातो. परंतु ताकारी व टेंभू उपसा सिंचन योजनांचे पाणी आणि वांगी येथील सोनहिरा साखर कारखाना यांच्यामुळे जी वाहने या भागात वाढली, ती दीर्घकाळ चालती ठेवणाऱ्या कारागिरांची नोंद त्या इतिहासात क्वचितच आढळते. गाडी जुनीच ठेवून तिच्यातील टेप, म्हणजे गाणी वाजवणारा संच, बदलणे आणि त्याची बटणे स्टीअरिंगवर आणणे हे वरवर किरकोळ वाटणारे काम त्या कारागिरीचा उत्तम नमुना आहे.

अमेरिकेत 1930 मध्ये मोटोरोला हा मोटारीसाठीचा रेडिओ बाजारात आला आणि 1932 मध्ये जर्मनीत ब्लाउपुंक्ट कंपनीने युरोपातील पहिला असा संच तयार केला. त्या काळचे रेडिओ निर्वात नलिकांवर, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर चालत आणि त्यांना बॅटरीपेक्षा कितीतरी अधिक विद्युतदाब लागत असल्यामुळे संच इतका अवजड होई की तो चालकासमोरच्या फळीत, म्हणजे डॅशबोर्डमध्ये, मावत नसे; म्हणून ब्लाउपुंक्टने त्याचे नियंत्रण स्टीअरिंगच्या खांबावर बसवले. पुढे ट्रान्झिस्टरमुळे संच लहान झाला आणि डॅशबोर्डमध्ये गेला, तशी त्याची बटणेही चालकाच्या हातापासून दूर गेली. स्टीअरिंगवरील बटणे ही आजची नवलाई मानली जात असली, तरी तिचे मूळ असे व्हॉल्व्हच्या काळात सापडते.

1949 पासून दक्षिण सातारा आणि 1960 पासून सांगली या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात 1963 मध्ये आकाशवाणीचे सांगली केंद्र सुरू झाले; परंतु गाडीत रेडिओ असणे ही दीर्घकाळ मोजक्यांची चैन राहिली, कारण मोटारी थोड्या होत्या आणि साध्या रेडिओसाठीही टपाल कार्यालयातून परवाना घ्यावा लागे. खरा बदल कॅसेटने घडवला. फिलिप्स कंपनीने 1963 मध्ये आणलेली ही फीत 1980 च्या दशकात भारतात स्वस्त झाली आणि केंद्राने प्रसारित केलेले ऐकण्याऐवजी चालकाने निवडलेले ऐकण्याची सोय झाली. वडापच्या जीपमध्ये, म्हणजे प्रवासी वाहून नेणाऱ्या खासगी जीपमध्ये, भक्तिगीते, लोकगीते आणि चित्रपटगीते वाजू लागली. फीत वाचणारे हेड स्पिरिटने पुसणे, सैल झालेला रबरी पट्टा बदलणे आणि अडकलेली फीत न तुटता सोडवणे, ही कामे ऑटो इलेक्ट्रिशियनच्या पदरी आली.

जुन्या गाडीत नवा संच बसू शकतो, याचे मोठे श्रेय एका मापाला द्यावे लागते. जर्मन मानकातून आलेले 180 मिलिमीटर रुंद व 50 मिलिमीटर उंच असे खाचेचे माप जगभर रूढ झाले आणि पडद्याच्या संचांसाठी त्याच्या दुप्पट उंचीचे माप आले. तारांचे रंगही बव्हंशी ठरलेले आहेत : पिवळी तार बॅटरीशी कायम जोडलेली राहून संचाची स्मृती टिकवते, तांबडी चावी फिरवल्यावर वीज देते आणि काळी अर्थिंगची असते. मात्र मापाने सगळेच सुटत नाही. अनेक जुन्या गाड्यांत स्पीकरला एकच तार असे आणि परतीचा मार्ग गाडीच्या सांगाड्यातून जाई. आधुनिक संचातील ध्वनिवर्धकाची ऋण तार सांगाड्याला लागल्यास त्याचा एकात्मिक परिपथ (आयसी) जळू शकतो, म्हणून प्रत्येक स्पीकरपर्यंत दोन स्वतंत्र तारा नव्याने ओढाव्या लागतात. 24 व्होल्टच्या ट्रकमध्ये विद्युतदाब 12 व्होल्टवर आणणारा रिड्यूसर लावावा लागतो.

या कारागिरीची सर्वांत कठीण कसोटी ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर लागते. उघड्या ट्रॅक्टरवर धूळ, हादरे आणि इंजिनाचा आवाज एकत्र येतात, आणि गळीत हंगामात वजनकाट्यासमोरच्या रांगेत रात्रीचे तास काढणाऱ्या चालकाला टेप ही खरीखुरी सोबत असते. या सोबतीची गरज मान्य करूनही हे सांगणे आवश्यक आहे की कर्कश आवाजामुळे मागच्या वाहनाचा हॉर्न ऐकू येत नाही, वस्तीची झोप मोडते आणि 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांचा हेतूही विफल होतो.

स्टीअरिंगवरील बटणांचे कार्य समजण्यास सोपे आहे. प्रत्येक बटणाला वेगळ्या मूल्याचा विद्युतरोध जोडलेला असतो. बटण दाबताच एकाच तारेवरील विद्युतदाब ठरावीक प्रमाणात बदलतो आणि तो बदल ओळखून संच आवाज वाढवतो किंवा गाणे पुढे नेतो. अडचण फिरत्या चाकातून तार नेण्याची असते. जुन्या चाकात हॉर्नपुरती धातूची कडी आणि तिला टेकणारा संपर्क असतो, तर नव्या चाकात घड्याळाच्या कमानीप्रमाणे गुंडाळलेली चपटी तारपट्टी असते. त्यामुळे जुन्या गाडीत त्याच जातीच्या वरच्या मॉडेलचे चाक तारपट्टीसह बसवावे लागते, किंवा चाकाला बांधायचा बिनतारी रिमोट वापरावा लागतो. चाकात एअरबॅग असल्यास बॅटरी सोडवून काही वेळ थांबल्याखेरीज त्याला हात लावू नये, आणि हे काम जाणकारानेच करावे.

नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग 1 जुलै 2019 पासून सक्तीची झाली आणि त्याच वर्षीच्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने गाडी चालवताना हातात फोन धरून वापरणे धोकादायक वाहनचालनात मोडू लागले. ज्यांना नवी मोटार परवडत नाही, त्यांच्या जुन्या गाडीत हात चाकावर आणि नजर रस्त्यावर ठेवण्याची सोय करून देणारा तालुक्याच्या गावातील कारागीर म्हणूनच केवळ करमणूक विकत नाही. तो सुरक्षिततेचा लाभ खालच्या थरापर्यंत पोहोचवतो. सहकाराच्या आणि सिंचनाच्या इतिहासाबरोबर त्याच्या वह्या, त्याने काढलेले तारांचे नकाशे आणि त्याची हत्यारे यांचीही नोंद झाली पाहिजे, कारण यंत्रयुग खेड्यांत रुजले ते अशा हातांमुळेच.