बुकलवार कुठचे?

नागपुरात आडनावाच्या शेवटी 'वार' आलं की माणूस पुढचं विचारत नाही. गंपावार, पुल्लीवार, कोंडावार, उत्तरवार, ही मंडळी चांद्याकडची नाहीतर यवतमाळकडची. तेलुगूत आदराने लावायचा 'वारु' इकडे येऊन आडनावात मुरला. महालातल्या आमच्या शाळेच्या हजेरीपटावर असे 'वार' ओळीने असायचे. त्यामुळे भा. रा. भागवतांचा पुस्तकवेडा बिपिन बुकलवार वर्गात हातोहात फिरू लागला, तेव्हा त्याच्या आडनावाशी कुणी अडखळलंच नाही. "आपल्याच इकडचा दिसते बे पोट्टा," एवढंच मागच्या बाकावरून आलं.

पुढे मी एका छापखान्यात प्रुफं तपासू लागलो. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने खुणा करायच्या, अशी तिथली रीत. त्याच सवयीने एकदा ते नाव तोडून तोडून वाचलं. बुक-लव्हर! पोराचं वेडच भागवतांनी त्याला आडनाव म्हणून चिकटवलं होतं. पुण्या-मुंबईच्या मुलांना हे नाव अनोळखी वाटलं असेल, म्हणून कदाचित लवकर उमगलं असेल. विदर्भात मात्र खुद्द हजेरीपटानेच ते झाकून ठेवलं.

भागवत हाडाचे संपादक. 1951 ते 1957 त्यांनी 'बालमित्र' चालवलं. मुलांच्या मासिकांची परंपरा त्याआधीची. वा. गो. आपट्यांचं 'आनंद' 1906 सालचं, आणि आमच्या नागपुरात बा. रा. मोडकांचं 'मुलांचे मासिक'. अशा धंद्यात पैसा बेताचा आणि माणसं त्याहून बेताची. संपादकानेच लिहायचं, भाषांतर करायचं, उरलेला रकानाही भरायचा. एवढं राबणाऱ्याने मध्येच एखादी खोडी काढली तर ती त्याची मजुरी समजावी. भागवतांचा दुसरा मानसपुत्र फास्टर फेणे. ज्याला घटकाभर फुरसत नाही, त्याचं गाव फुरसुंगी! हे मुद्दाम केलेलं की आपसूक जमलेलं, देव जाणे. मला तरी त्यात कोटी ऐकू येते.

साहेबाकडेही हे चालायचं. ऑक्सफर्डचा गणितज्ञ चार्ल्स डॉजसन, म्हणजे लुईस कॅरल, 4 जुलै 1862 रोजी अ‍ॅलिस लिडेल आणि तिच्या बहिणींना घेऊन नावेतून फिरायला गेला. त्या दिवशी सांगितलेल्या गोष्टीचं पुढे पुस्तक झालं. त्यात डोडो पक्षी म्हणजे तो स्वतः, बदक म्हणजे सोबतचा डकवर्थ, लोरी आणि गरुडाचं पिल्लू म्हणजे अ‍ॅलिसच्या बहिणी लोरिना आणि ईडिथ. नावेतल्यांना हसू आलं असेल. बाकीच्यांना टीपा वाचाव्या लागतात.

म्हणून मला भागवतांची खोडी सरस वाटते. डोडो कळायला लिडेल घराण्याशी ओळख हवी. बुकलवार कळायला पुस्तक मोठ्याने वाचलं की झालं, आणि इंग्रजी पाचवीपुरतं असलं तरी चालतं.